एअर रायफलची साइट: माशी, खाच की पीप? निवड कशी करायची आणि कुठे बसवायची

जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर एक गोष्ट हमखास दिसते. पाच छऱ्यांचे पैसे दिलेला माणूस एक डोळा मिटून, श्वास रोखून नेम धरतो आणि छर्रा दोन फुग्यांच्या मधून फळीवर आपटतो. मुरबाड तालुक्यातल्या म्हसाच्या जत्रेपासून गावोगावच्या उरुसापर्यंत चित्र हेच. दोष नेहमी नेम धरणाऱ्याचाच असतो असं नाही. दिवसभर शेकडो हातांतून फिरणाऱ्या त्या बंदुकीची माशी अनेकदा वाकलेली असते, मागची खाच सैल झालेली असते आणि दोन्ही नळीशी सरळ रेषेत राहिलेल्या नसतात.

हाच प्रकार शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या शाळेतल्या मुलाच्या रायफलवर झाला, तर प्रश्न फुग्याचा राहत नाही. शालेय नेमबाजी स्पर्धेत तो मुलगा चांगला नेम धरूनही मागे पडतो आणि ‘आपल्याला जमत नाही’ असं समजून खेळ सोडतो. म्हणून साइट म्हणजे काय, कोणती निवडावी, रायफलवर नेमकी कुठे बसवावी आणि जुळवावी कशी, हे समजून घ्यायला हवं. एअरसॉफ्ट खेळणाऱ्यांना लागणारी माहितीही पुढे स्वतंत्र दिली आहे.

लोखंडी साइट म्हणजे काय?

दुर्बीण किंवा भिंग न वापरता नेम धरण्यासाठी बंदुकीवर बसवलेल्या धातूच्या दोन भागांना लोखंडी साइट म्हणतात. आता त्या ॲल्युमिनियमच्या किंवा प्लॅस्टिकच्याही असतात, पण नाव तेच राहिलं. नळीच्या टोकाला असते ती पुढची साइट. मराठीत तिला जुन्या काळापासून ‘माशी’ म्हणतात, कारण नळीवर माशी बसावी तसा तो बारीक उंचवटा दिसतो. डोळ्याच्या बाजूला असते ती मागची साइट. तिचे मुख्य प्रकार दोन.

पहिला प्रकार ओपन साइट. यात मागच्या पट्टीला वरून उघडी खाच असते. ती इंग्रजी ‘यू’, ‘व्ही’ किंवा चौकोनी आकाराची असते. माशी त्या खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे.

दुसरा प्रकार पीप साइट. यात खाचेऐवजी एका चकतीत बारीक छिद्र असतं. छिद्रातून पाहिलं की समोर माशी किंवा पुढची रिंग दिसते आणि तिच्यामागे टार्गेट. स्पर्धेच्या रायफलवर असते ती हीच, तिला डायॉप्टर असंही म्हणतात.

शालेय स्पर्धांमध्ये १४, १७ आणि १९ वर्षांखालील वयोगट असतात आणि रायफलचे ‘ओपन साइट’ व ‘पीप साइट’ असे वेगळे प्रकार घेतले जातात. साइट बदलली की स्पर्धेचा प्रकारच बदलतो. रायफल घेण्याआधी मुलाला कोणत्या प्रकारात उतरायचं आहे, हे प्रशिक्षकाला किंवा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाला विचारून त्या वर्षीचं परिपत्रक वाचणं म्हणूनच गरजेचं आहे.

अर्धा मिलिमीटर किती महाग पडतो?

आंतरराष्ट्रीय १० मीटर एअर रायफल प्रकारात टार्गेटचा व्यास ४५.५ मिमी असतो आणि त्यातला काळा भाग ३०.५ मिमी. मधला दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिमीचा. एका वर्तुळापासून पुढचं वर्तुळ २.५ मिमी अंतरावर असतं. म्हणजे छर्रा अडीच मिमी सरकला की एक गुण गेला.

आता साइटचा हिशोब पाहू. माशी आणि मागची खाच यांच्यातल्या अंतराला साइट रेडियस म्हणतात. समजा, साध्या स्प्रिंगच्या एअर रायफलवर हे अंतर ४५० मिमी आहे. खाचेत माशी मधोमध न राहता फक्त अर्धा मिमी डावीकडे गेली, तर १० मीटरवर छर्रा किती सरकेल? ०.५ ला ४५० ने भागायचं आणि १०,००० मिमीने गुणायचं. उत्तर येतं साधारण ११ मिमी. म्हणजे चार वर्तुळांपेक्षा जास्त. हेच अंतर ७०० मिमी असेल, तर तीच चूक ७ मिमीवर येते.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, माशी आणि मागची साइट यांच्यात जितकं जास्त अंतर, तितका चुकीचा फटका कमी. दोन, टार्गेटवर नेम थोडा हलणं आणि साइट एकमेकींशी न जुळणं या दोन चुका सारख्या नाहीत. माशी खाचेत बरोबर जुळलेली असेल आणि सगळी रायफल समांतर ३ मिमी सरकली, तर छर्राही ३ मिमीच सरकतो. पण साइट जुळण्यातला अर्धा मिमी ११ मिमी होतो.

म्हणूनच नेमबाजीचे प्रशिक्षक एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगतात: नजर माशीवर ठेवा. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करू शकतो. खाच, माशी आणि टार्गेट तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं शक्य नाही. माशी ठळक आणि टार्गेट थोडं धूसर दिसलं तर ते बरोबर आहे. नवशिके नेमकं उलट करतात. टार्गेट स्पष्ट पाहायच्या नादात माशी धूसर होते आणि जुळणी बिघडलेली कळतच नाही.

ओपन की पीप, कोणती निवडावी?

पीप साइट अचूक असण्यामागे डोळ्याचं शास्त्र आहे. बारीक छिद्रातून पाहिलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं. चष्म्याचा नंबर असलेला माणूस मूठ आवळून तिच्या फटीतून पाहतो तेव्हा लांबची पाटी थोडी स्पष्ट दिसते, तसंच. शिवाय गोल छिद्रातून पाहताना डोळा आपोआप मध्य शोधतो. खाचेत माशी मुद्दाम मधोमध आणावी लागते, छिद्रात ते काम बरंच सोपं होतं.

मग सगळ्यांनी पीपच का घेऊ नये? कारणं अशी:

• नवशिक्यासाठी ओपन साइट ही चांगली शाळा आहे. माशी, खाच आणि टार्गेट यांचं नातं त्यात उघड दिसतं. चूक झाली की कुठे झाली ते कळतं.

• साध्या रायफलवर ओपन साइट कारखान्यातूनच बसवलेली येते, वेगळा खर्च नाही. परदेशी बनावटीची स्पर्धेची रायफल मात्र लाखांच्या घरात जाते.

• पीप साइट डोळ्याजवळ हवी आणि गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी टेकायला हवा. दस्ता मुलाच्या मापाचा नसेल, तर पीपचा फायदा निम्मा होतो.

• कमी उजेडात बारीक छिद्र अंधारं होतं. जंगलाच्या सावलीत किंवा पावसाळी दिवसात हे जाणवतं.

चाळिशी ओलांडलेल्यांना जवळचं धूसर दिसू लागतं. त्यांना ओपन साइटची मागची खाच पुसट दिसते. अशा वेळी पीप वापरणं किंवा खाच डोळ्यापासून शक्य तितकी पुढे बसवणं हे दोन उपाय आहेत. स्पर्धेत साइटवर दुर्बीण चालत नाही, पण नजरेच्या नंबरचा चष्मा चालतो.

माशीचा आकारही निवडावा लागतो

ओपन साइटमध्ये चौकोनी माशी आणि चौकोनी खाच ही जोडी कागदी टार्गेटसाठी सगळ्यात सोयीची. माशीचा वरचा काठ आणि खाचेचा वरचा काठ एका पातळीत आणणं त्यात सोपं जातं. माशीच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट दिसली पाहिजे. फट फारच बारीक असेल, तर माशी मध्यावर आहे की नाही ते कळत नाही. फार रुंद असेल, तर डोळा फसतो. प्रत्येक बाजूची फट माशीच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी किंवा निम्मी असली, तर बहुतेकांना सोपं जातं.

मण्यासारखी गोल माशी आणि ‘व्ही’ खाच पटकन नेम धरायला बरी, पण उंचीचा अंदाज तिच्यात चुकतो.

हिरव्या-लाल चमकणाऱ्या फायबरच्या ठिपक्यांची माशी रील आणि जाहिरातींत फार आकर्षक दिसते. कागदी टार्गेटवर तिचा तोटा होतो. डोळ्यापासून ८० सेंमीवर असलेला २ मिमीचा ठिपका १० मीटरवर सुमारे २५ मिमी भाग झाकतो. टार्गेटचा काळा भाग एकूण ३०.५ मिमीचा. म्हणजे ज्याच्यावर नेम धरायचा, त्यातलं बहुतेक झाकलंच गेलं. डबे पाडण्याच्या खेळाला ती चालते, गुणांच्या खेळाला नाही.

पीप साइटच्या पुढच्या भागात बहुधा माशीऐवजी रिंग असते. टार्गेटचा काळा गोल त्या रिंगच्या मधोमध बसवायचा. इथे एक सार्वत्रिक चूक होते: रिंग फार लहान घेतली जाते. डोळ्यापासून रिंग १ मीटरवर असेल, तर १० मीटरवरचा काळा गोल तिच्यात साधारण ३ मिमीचा दिसतो. रिंग ४ मिमीची असली की गोलाभोवती अर्ध्या मिमीची पांढरी कड उरते. ही कड नीट दिसली, की डोळ्याला मध्य कळतो. कड अगदी बारीक झाली, की काळा गोल आणि रिंग एकमेकांत मिसळून थरथरतात आणि नेमबाज चाप ओढायला घाबरतो.

साइट रायफलवर कुठे बसवायची?

आपल्याकडे शिकाऊ मुलांच्या हाती बहुधा नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबायची रायफल असते. या रायफलवर मागची ओपन साइट नळीच्याच मागच्या टोकावर, वाकण्याच्या सांध्यापुढे बसवलेली असते. यामागे कारण आहे. माशी आणि खाच दोन्ही नळीवर असल्या, की सांधा थोडा झिजला तरी दोन्ही नळीबरोबरच सरकतात आणि जुळणी टिकते.

पीप साइट मात्र डोळ्याजवळ, म्हणजे सांध्याच्या मागे रायफलच्या अंगावरच्या ११ मिमीच्या खाचेवर बसते. आता पुढची माशी नळीवर आणि मागची साइट अंगावर. सांधा ढिला असेल, तर प्रत्येक वेळी नळी किंचित वेगळ्या जागी बसते आणि छर्रे विखुरतात. म्हणून जुन्या रायफलवर पीप बसवण्याआधी नळी बंद करून हाताने हलवून पाहावी. हलत असेल, तर आधी सांध्याचं काम करून घ्यावं.

बसवताना लक्षात ठेवायच्या गोष्टी:

१. ओपन साइटची खाच डोळ्यापासून लांब हवी. हात लांब करून पुस्तक वाचतात, तेवढं अंतर मिळालं तर खाच आणि माशी दोन्ही बऱ्यापैकी दिसतात.

२. पीप उलट डोळ्याजवळ हवी, काही सेंटिमीटरवर. पण स्प्रिंगच्या रायफलला झटका असतो. छिद्राची कड भुवईवर आपटणार नाही, इतकं अंतर सोडावंच लागतं.

३. आधी गाल, मग साइट. डोळे मिटून रायफल खांद्याला लावावी, गाल सहज टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. छिद्र समोर आलं पाहिजे. मान ताणून छिद्र शोधावं लागत असेल, तर साइट पुढे-मागे सरकवावी किंवा दस्त्याची गालपट्टी उंच करावी.

४. माशी सरळ उभी हवी. ती एका बाजूला कललेली असेल, तर नेमबाज नकळत रायफलच तिरपी धरतो. तिरप्या रायफलचा छर्रा कललेल्या बाजूला जातो.

५. स्प्रिंगच्या झटक्याने पीप हळूहळू मागे सरकते. तिच्या मागे अडसर लावावा, स्क्रू घट्ट करावेत आणि रायफलच्या अंगावर व साइटवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की साइट सरकली.

साइटची उंची आणि जवळचं टार्गेट

छर्रा नळीतून निघतो, नजर मात्र नळीच्या वरून जाते. साइट नळीच्या मध्यापेक्षा ४० मिमी उंच असेल आणि रायफल १० मीटरवर जुळवली असेल, तर ५ मीटरवर तोच छर्रा साधारण १५ ते २० मिमी खाली लागतो. घराच्या अंगणात ५ मीटरवर सराव करून स्पर्धेत १० मीटरवर उभ्या राहणाऱ्या मुलांचे छर्रे वर का जातात, त्याचं एक कारण हे आहे. ज्या अंतरावर खेळायचं, त्याच अंतरावर साइट जुळवावी.

साइट जुळवायची कशी?

नियम लहान आहे. मागची साइट तिकडेच सरकवायची, जिकडे छर्रा न्यायचा आहे. पुढची माशी बरोबर उलट. छर्रे डावीकडे लागत असतील, तर मागची साइट उजवीकडे. छर्रे खाली लागत असतील, तर मागची साइट वर. माशीची उंची वाढवली, तर छर्रा खाली येतो.

किती सरकवायची, तेही मोजता येतं. समजा, १० मीटरवर छर्रे २० मिमी डावीकडे लागले आणि साइट रेडियस ४५० मिमी आहे. २० गुणिले ४५०, भागिले १०,०००. उत्तर ०.९ मिमी. मागची साइट जेमतेम एक मिमी उजवीकडे सरकवायची. डोळ्याच्या अंदाजाने चार-पाच मिमी सरकवणारे लोक मग दिवसभर छर्रे शोधत बसतात.

प्रत्यक्ष क्रम असा:

• एकाच डब्यातले, एकाच प्रकारचे छर्रे घ्यावेत. छर्रा बदलला की लागण्याची जागा बदलते.

• वाळूच्या पिशवीवर हात टेकवावा आणि हातावर रायफल ठेवावी. स्प्रिंगची रायफल थेट कडक वस्तूवर ठेवली, तर ती झटक्याने उसळते आणि छर्रा भलतीकडे जातो.

• पाच छर्रे एकाच जागी नेम धरून मारावेत. पाचांचा ग्रूप जिथे पडला, त्याचा मध्य मोजावा.

• ग्रूप विखुरलेला असेल, तर साइटला हात लावू नये. आधी स्क्रू, सांधा, छर्रे आणि धरण्याची पद्धत तपासावी.

• ग्रूप घट्ट पण बाजूला असेल, तर हिशोबाने साइट सरकवावी आणि पुन्हा पाच छर्रे मारावेत.

एका छऱ्यावरून साइट कधीच फिरवू नये. एकच छर्रा चुकण्याला दहा कारणं असू शकतात.

नेम मध्यावर धरायचा की काळ्या गोलाच्या खालच्या काठावर, हाही प्रश्न येतो. ओपन साइटमध्ये काळी माशी काळ्या गोलावर ठेवली तर दिसेनाशी होते. म्हणून बरेच नेमबाज गोल माशीच्या टोकावर ठेवल्यासारखा धरतात, घड्याळातल्या सहाच्या जागी. साइट मात्र छर्रा मध्यावर जाईल अशी जुळवतात.

उजेड आणि पाऊस

माशी चकचकीत असेल, तर एका बाजूने ऊन पडल्यावर तीच बाजू ठळक दिसते आणि मध्य चुकतो. जुने नेमबाज यासाठी माशीवर दिव्याची काजळी धरायचे. आजही साइट काळी, न चमकणारी असावी हाच नियम आहे. सराव शक्यतो सारख्या उजेडात करावा.

शहापूर-मुरबाडच्या पावसात लोखंड गंजायला वेळ लागत नाही. सरावानंतर साइट आणि नळी बाहेरून कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी हलका हात द्यावा. तेल नळीत किंवा हवेच्या नळकांड्यात ओतू नये. स्प्रिंगच्या रायफलमध्ये दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटू शकतं, वेग अचानक वाढतो आणि वॉशर खराब होतो. छर्रा न भरता चाप ओढणंही टाळावं, त्याने पिस्टन आदळतो.

एअरसॉफ्ट रायफलचं काय?

एअरसॉफ्टमध्ये ६ मिमीची प्लॅस्टिकची गोळी असते आणि समोर माणसं असतात, म्हणून गरजा वेगळ्या. इथे दहाचा ठिपका नाही. पटकन दिसणारी, मोठ्या छिद्राची मागची साइट आणि जाड माशी सोयीची. रेलवर बसणाऱ्या साइट घेताना पुढची आणि मागची एकाच जोडीची, एकाच उंचीची घ्यावी. मागची साइट रायफलच्या अंगावर शक्य तितकी मागे आणि पुढची शक्य तितकी पुढे, पण दोन्ही एकाच सलग पातळीवर. पुढचं प्लॅस्टिकचं आवरण हाताने दाबल्यावर हलत असेल, तर त्यावरची माशीही हलणार.

एअरसॉफ्टमध्ये एक पायरी जास्त असते. गोळीला उलटी फिरकी देणारा हॉप-अप आधी जुळवायचा, मग साइट. क्रम उलटा केला तर साइट पुन्हा जुळवावी लागते. आणि पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घातल्यावर गाल दस्त्यावर टेकत नाही. म्हणून साइट मास्क घालूनच तपासावी आणि गरज असल्यास उंच बैठकीवर बसवावी. साइट दिसत नाही म्हणून मास्क वर करणं म्हणजे डोळा गमावण्याची तयारी.

कायदा काय सांगतो?

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्यापेक्षा मोठी किंवा जोरदार असेल तर लागतो. याच नियमांत बंदुकीच्या प्रतिकृतींचाही विचार केलेला आहे. हुबेहूब खऱ्या बंदुकीसारखी दिसणारी एअरसॉफ्ट मागवण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात चौकशी करणं शहाणपणाचं. ती उघडी घेऊन रस्त्याने फिरणं किंवा तिच्यासोबत रील बनवणं अडचणीत आणू शकतं.

परवाना लागत नाही याचा अर्थ कुठेही चालवता येते, असा मात्र नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पक्षी, ससा अशा वन्यप्राण्यांची शिकार गुन्हा आहे आणि शिकारीचा प्रयत्नही शिकारच धरला जातो. कवडा किंवा तित्तिर छऱ्याने पाडणं याला ‘सराव’ म्हणता येत नाही. शहापूर तालुक्याचा मोठा भाग तानसा अभयारण्याला लागून किंवा त्याच्या आत आहे. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाण्यास कलम ३१ नुसार मनाई आहे, आणि प्राण्याला इजा करू शकणारं कोणतंही साधन त्या कायद्यात शस्त्रच ठरतं. तलावावर सहलीला जाताना गाडीत टाकलेली छऱ्याची बंदूकही त्यात येऊ शकते.

सरावासाठी टार्गेटच्या मागे छर्रा अडेल अशी भिंत किंवा मातीचा बांध हवा. छर्रा १० मीटरवर थांबत नाही, मोकळ्या जागेत तो शंभर मीटरच्याही पुढे जातो. दगड किंवा लोखंडावर आपटला तर उलटा येतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा नेमबाजाने घालावा आणि बाजूला उभ्या असलेल्यांनीही.

शिकायचं कुठे?

महाराष्ट्राला या खेळाची मोठी परंपरा आहे. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या, सुमा शिरूर २००४ साली अथेन्सच्या. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत १० मीटर एअर रायफलचं जागतिक विजेतेपद मिळवलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. हे सगळे दुर्बिणीशिवाय, पीप साइटवर खेळणारे नेमबाज आहेत.

शहापूर-मुरबाडच्या मुलांना त्यातल्या त्यात जवळ म्हणजे ठाणे-मुंबई पट्टा. पनवेलला सुमा शिरूर यांची लक्ष्य ही अकादमी आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, आणि पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडानगरीत शूटिंग रेंज आहे. रोज तिथे जाणं शक्य नसलं, तरी रायफल विकत घेण्याआधी एकदा जाऊन दोन्ही साइटवर थोडे छर्रे मारून पाहावेत. एनसीसी असलेल्या कॉलेजमधल्या विद्यार्थ्यांना .२२ रायफलवर हाच धडा मिळतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एक डोळा मिटावा का?
मिटला तर चालतो, पण बराच वेळ मिटल्याने चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि उघड्या डोळ्यालाही त्रास होतो. म्हणून नेमबाज दुसरा डोळा उघडा ठेवून त्याच्यापुढे पांढरी पट्टी लावतात.

डावा डोळा प्रबळ असेल तर?
लांबच्या वस्तूवर दोन्ही डोळे उघडे ठेवून बोट धरावं, मग एकेक डोळा मिटून पाहावा. ज्या डोळ्याने पाहताना बोट जागेवरच राहतं, तो प्रबळ. डावा निघाला आणि मूल अगदी नवीन असेल, तर डाव्या खांद्यावरून शिकवण्याचा विचार प्रशिक्षकाशी बोलून करावा.

महागडी पीप साध्या रायफलवर बसवली तर गुण वाढतील का?
सांधा घट्ट असेल, छर्रे चांगले असतील आणि पाच छऱ्यांचा ग्रूप आधीच जवळजवळ पडत असेल, तर थोडा फरक पडेल. ग्रूपच विखुरलेला असेल, तर साइटवर पैसे घालण्याआधी ते छऱ्यांवर आणि दस्ता मुलाच्या मापाचा करून घेण्यावर खर्च करावेत.

साइट किती दिवसांनी तपासायची?
प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला. स्क्रू हाताने तपासावेत, रंगाची रेघ पाहावी आणि पहिला पाच छऱ्यांचा ग्रूप कुठे पडला ते वहीत लिहून ठेवावं. महिनाभराच्या नोंदी समोर असल्या, की चूक साइटची आहे की हाताची, हे तर्क न लढवता कळतं.